माझा हरवलेला मधला कागद

मी एक जुनी कादंबरी आहे. मुलांसाठीची, असं माझ्या पाठीवर छापलंय, म्हणून मोठी माणसं मला हातात घ्यायच्या आधीच हसतात. हसोत बापडी. माझ्यात दोन मैत्रिणी आहेत आणि त्यातली एक शेवटाकडे मरते. तिथवर आल्यावर याच मोठ्या माणसांना नाकं पुसताना मी पाहिलंय.

माझा जन्म छापखान्यात झाला, मित्रांनो. बांधणी करणाऱ्या काकांनी मोठे कागद दुमडले, एकात एक घातले आणि घडीतून दोरा ओवला. त्यामुळे माझं एकही पान एकटं नाही. प्रत्येकाला घडीपलीकडे एक सख्खं भावंड असतं, दोघं मिळून एकच कागद. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

शाळेच्या ग्रंथालयात माझं बरं चाललं होतं. मुली मला घरी नेत, उशाशी घेऊन झोपत. एकीनं माझ्यावर दूध सांडलं, त्याचा वास अजून येतो. जाऊ दे, तो राग मी केव्हाच सोडला.

मग त्या दोघी आल्या. एकीला सगळे काडी म्हणत, कारण ती होतीच तशी. दुसरी बडबडी. एक पान हिनं मोठ्यानं वाचायचं, एक तिनं, आणि पुढचं चोरून बघायचं नाही, अशी त्यांची शप्पथ होती. मी अर्धी वाचून होते न होते तोच काडी आजारी पडली, ती थेट हॉस्पिटलात. शाळा सुटली की बडबडी मला दप्तरात घालून तिच्या खाटेशी जाऊन बसे. काडीला आता वाचवत नव्हतं, म्हणून दोघींची पानं हीच वाचायची.

माझ्यातली एक मैत्रीणही आजारी पडली तेव्हा बडबडीनं मला पटकन मिटलं. तिनं शप्पथ मोडली आणि हॉस्पिटलच्या जिन्यात बसून पुढचं वाचलं. मैत्रीण मरते तिथपर्यंतच. पुढे तिला वाचवेना. काडीनं हे ऐकता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं ते पान घडीपाशी धरलं, टर्रकन फाडलं आणि खिशात कोंबलं. दुखलं मला, खोटं कशाला बोलू? पण ती ते कुणासाठी फाडतेय हे मला ठाऊक होतं, मला तोंड असतं तरी मी ओरडले नसते.

ते पान नेमकं घडीतल्या सर्वांत मधल्या कागदाचं होतं. त्याचं भावंड म्हणजे लगेच पुढचं पान. ते दोऱ्यातून सुटलं आणि ती उठताना जिन्यात पडलं. तिला कळलंही नाही. झाडूवाल्या मावशींनी ते कचऱ्यात लोटलं. त्या तरी काय करणार बिचाऱ्या?

खाटेशी बसून बडबडीनं उरलेली गोष्ट मनानंच रचली. मैत्रीण बरी होते, दोघी सायकल शिकतात, एका उतारावर ब्रेकच लागत नाही. काडी डोळे मिटून ऐकत होती.

"तू पान तर उलटतच नाहीयेस," काडी म्हणाली.

बडबडीनं घाईघाईनं एक पान उलटलं.

"असू दे. सायकलचं परत सांग."

त्याच आठवड्यात काडी गेली.

मला परत करायला बडबडी आली तेव्हा ग्रंथालयाच्या बाईंनी माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि त्यांना लगेच कळलं. त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं. बडबडीनं खिशातलं पान मुठीत दाबून धरलं. फाडणाऱ्या हातात मी पुस्तक देत नाही, असं म्हणून बाईंनी तिचं कार्ड काढून घेतलं, माझ्यावर 'रद्द'चा शिक्का मारला आणि मला तिच्या अंगावर टाकलं. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. काडीची जागा रिकामी होती आणि ती बाईंनाही दिसत होती.

घरी गेल्यावर बडबडीनं खिशातलं पान काढलं, जागच्या जागी लावलं आणि वाचलं. मैत्रीण मेली. तिनं पान उलटलं. समोरची पहिली ओळ होती, 'आणि मग ती पोटभर हसली.' मधलं पान नव्हतंच. पानांचे आकडे बघायचं भान तिला कुठून असणार?

"मैत्रीण मेली आणि ही हसते?" ती म्हणाली, आणि तिनं मला भिंतीवर आपटलं.

त्यानंतर ती हसली नाही. एक नवी मुलगी तिच्या शेजारी बसायला आली, तिनं आपला डबा पुढे केला. माझी मैत्रीण मेलीय, मला दुसरी नको, असं हिनं तिला तोंडावर सांगितलं. ती मुलगी रडत उठून गेली. एकदा रस्त्यात काडीची आई भेटली. तिला काडीचं काहीतरी आठवलं आणि ती हसली. बडबडीनं तोंड फिरवलं आणि रस्ता ओलांडून निघून गेली. पलीकडून वळून पाहिलं तर काडीची आई अजून तिथेच उभी होती. हे सगळं बडबडीनं मला सांगितलं, मी पलंगाखाली पडलेली असताना. आता तिला बडबडी कुणी म्हणत नाही.

हल्ली मी रद्दीच्या दुकानात असते. उद्या माझा लगदा होईल.

मित्रांनो, पुस्तकं फाडू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला दुसरंच सांगायचंय. हरवलेलं पान मला पाठ आहे. मागे उरलेली मुलगी मेलेल्या मैत्रिणीच्या घरी जाते. मैत्रिणीची आई तिला लेकीची चप्पल घालायला देते. चप्पल मोठी होते, मुलगी दारातच धपकन आपटते, आणि एक चप्पल उडून कुंडीत पडते. दोघी एकमेकींकडे बघतात. तिथे ते पान संपत येतं, फक्त त्याची शेवटची ओळ सांगायची राहिली, 'आणि मग ती पोटभर हसली'च्या अगदी आधीची.

तुमच्या वर्गात अजिबात न हसणारी एखादी मुलगी असेल, तर तिच्याजवळ बसा. ती हाकलेल, तरी बसा. आणि तिला ती ओळ सांगा: आधी आई हसली.