दहा मिनिटांची हवा

पातळ कोबा ओतायचं काम मी सव्वीस वर्षं करतोय, आणि अजूनही एका क्षणी माझी बोलती बंद होते. पंप थांबतो, आम्ही लांब दांड्यानं शेवटची हलकी थाप देतो, आणि ताकासारखा तो राखाडी रस आपला आपणच सपाट होतो. कोपरा असो, दाराखालची फट असो, सगळीकडे एकच पातळी. असं काही माझ्या हातून घडतं यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

क्नॉडलरांच्या घरी ऑगस्टअखेर कोबा ओतला तेव्हा जिन्यावर दोघं उभी होती. अल्विन क्नॉडलर, अकरा वर्षांपूर्वी दृष्टी गेलेले, आणि त्यांची बायको हेडविग. त्यांचं स्वयंपाकघर बैठकीपेक्षा दोन बोटं खाली होतं. तिथेच अडखळून वसंतात अल्विन पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलानं वृद्धाश्रमात खोली धरून ठेवली. एक नोव्हेंबरपर्यंत घर सपाट झालं तर ठीक, नाहीतर वडील तिकडे. दुसऱ्यांदा ओतून सुकवायला वेळच नव्हता.

बाईंना मी तीनतीनदा सांगितलं होतं, दोन दिवस खिडकी उघडायची नाही. खिडकीवर कागदही डकवला होता. पण आमच्या दक्षिण जर्मनीतल्या स्वाबियात बाहेर बर्फ पडो की आग लागो, सकाळी सातला खिडकी उघडून घराला दहा मिनिटं हवा द्यायचीच. दुसऱ्या दिवशी आठला मी पोचलो, तर बाई दारात रडवेल्या उभ्या होत्या.

"मी अर्धवट झोपेतच होते हो. कोब्यावर पाय नको म्हणून अंगणातून, फुलांच्या वाफ्यावरून हात घालून खिडकीची बाहेरची कडी काढली. कागद दिसला तेव्हा दहा मिनिटं होऊन गेली होती."

मी संतापलो. कोवळ्या कोब्यावर वारा खेळला की वरचा भाग आधी सुकून आवळतो आणि फाटतो, हे यांना कितीदा सांगायचं? पण त्यांचा चेहरा बघून मी सरळ कोबा तपासायला वाकलो. तिसऱ्या दिवशी खिडकीपासून खोलीच्या मध्यापर्यंत केसाएवढी भेग दिसली.

ती रुंदावली किंवा कडा उचलल्या, तर सगळं फोडावं लागेल, असं मी सांगितलं. अल्विनना एवढ्यात कळू देऊ नका, अशी बाईंनी गळ घातली. दोघं वरच्या मजल्यावर राहत होती. पुढचे सहा आठवडे मी वाट वाकडी करून भेग बघायला जायचो. दरवेळी बाई कॉफी द्यायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या.

भेग तेवढीच राहिली. मी कोब्यावर सायीसारखा जमलेला कच्चा थर घासून काढला, भेगेवर आडवे काप घेऊन पोलादी तुकडे बसवले आणि राळ भरली. मग कोब्याची एक ढलपी काढून कुटली आणि ओल मोजायच्या बाटलीत हलवली. बाटलीवरचा काटा अर्ध्या टक्क्याच्या खाली थांबला. आता ओकच्या फळ्या बसवायला हरकत नव्हती.

अल्विन म्हणाले, फळ्यांआधी एकदा मला चालू द्या. बूटमोजे काढून ते स्वयंपाकघरातून निघाले. पडले होते त्या जागी पाऊल आपोआप चाचपलं, पण तिथं काहीच नव्हतं. ते थेट खिडकीपर्यंत गेले आणि थबकले.

"मिस्त्री, इथं काहीतरी बुजवलंय तुम्ही. त्या सकाळचं ना?"

बाईंचा हात तोंडाशी गेला. "अल्विन, तुला ठाऊक होतं?"

"चौतीस वर्षं सातला ही कडी वाजताना ऐकतोय, हेडविग. त्या दिवशी वाजली नसती तर तुला काय झालं म्हणून मी धावत खाली आलो असतो. मग मिस्त्रींना भेग नाही, माझ्या पावलांचे खड्डे बुजवावे लागले असते."

बाई रडता रडता हसल्या. सहा आठवड्यांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

अल्विननी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हात पँटच्या खिशात घातले, आणि अख्खी बैठक ओलांडून ते स्वयंपाकघरात चालत गेले. खिशात हात घालून चालणारा आंधळा माणूस मी त्याआधी कधी बघितला नव्हता. मला पुन्हा बोलता येईना.

बाईंनी मुलाला फोन लावला आणि सांगितलं, वृद्धाश्रमातली ती खोली आता दुसऱ्या कुणाला देऊ देत.