दार उघडं ठेवावं लागेल

“साहेब, रिपीटर या खोलीत लावून काही उपयोग नाही. इथे रेंज येतच नाही, तर तो पुढे देणार काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

साहेब उंबऱ्याबाहेरच उभा होता, नाकाला रुमाल लावून. आत पलंगावर त्याची आई. सगळ्या बंगल्यात, अगदी न्हाणीघरातसुद्धा वायफाय पोचलं होतं. तेवढी ही मागची खोली राहिली होती. इथला कॅमेरा चालावा म्हणून मला बोलावलं होतं.

वास होता, खोटं कशाला बोलू. चादर कधी बदलली होती देव जाणे. पण त्या रुमालाची मला जास्त किळस आली.

“एकदा कॅमेरा चालू झाला की सुटलो,” तो म्हणाला. “सारखं आत यायला नको. हॉलमध्ये बसून फोनवर बघता येईल.”

बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. मी रिपीटर पॅसेजमध्ये, रेंज धड होती तिथे लावला. कॅमेरा सुरू झाला. साहेबाने लगेच दार ओढून घेतलं आणि फोनवरचं चित्र गोठलं. दार लोखंडी पत्र्याचं होतं, रेंज आत शिरेना.

“आता काय?”

माझ्या पिशवीत वायरचं भेंडोळं होतं. वायर आत ओढून वायफायची दुसरी डबी बसवली असती, तर दार बंद ठेवूनही काम भागलं असतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

“दार उघडं ठेवावं लागेल,” मी ठोकून दिलं. “दिवसभर. दुसरा इलाज नाही.” म्हटलं, येता-जाता कोणी आत डोकावेल तरी.

त्याने रुमाल नाकावर घट्ट दाबला. “मग राहू दे. काढून टाका कॅमेरा.”

मला आत सोडून त्याने बाहेरून दार लावून घेतलं. वायरचं सांगायला आता जीभ उचलेना. सांगूनही दार बंदच राहिलं असतं. शहाणपणा केला मी आणि शेकला म्हातारीवर. मनात स्वतःलाच शिव्या घालत स्टुलावर चढलो आणि कॅमेरा उतरवायला लागलो.

“बिघडला का रे बाळा?” म्हातारीने विचारलं.

“हो, आजी.”

“बरं झालं. म्हणजे आता त्याला स्वतःलाच यावं लागेल बघायला.”

तिने हातानेच केस सारखे केले आणि बंद दाराकडे तोंड करून बसली.