वटवाघळाचा डाग आणि झारीबाबांचं पाणी

सकाळी दुकान उघडायला गेलो, तर माझ्याच पायरीवर मला पाय ठेवायला जागा नव्हती. माझं चष्म्याचं दुकान लाँड्रीला लागून आहे, आणि त्या दिवशी सगळी गल्ली लाँड्रीच्या परसात घुसू पाहत होती. ज्यांना आत शिरता आलं नाही ते माझ्या पायरीवर उभे राहून भिंतीपलीकडे माना ताणत होते. त्यातल्या निम्म्यांचे चष्मे मीच केलेत. दूरचं त्यांना चांगलं दिसतं. काय दिसलं याचा विचार मात्र ज्याचा त्यानेच करायचा असतो, आणि तिथे माझा धंदा संपतो.

“चादरींवर रक्त पडलंय,” एकाने मला माहिती पुरवली. “वरून.”

वर काय होतं? परसात एक तुतीचं झाड, त्याला टेकून पत्र्याची शेड, आणि शेडच्या वाशाला उलटं लटकलेलं एक वटवाघूळ. पंख अंगाभोवती लपेटून ते गाढ झोपलं होतं. आपल्यामुळे खाली एवढी माणसं जमलीत, याचा त्याला पत्ताही नव्हता.

लाँड्रीवाल्या मावशी पांढरे कपडे रात्रभर दोरीवरच ठेवतात. दवाने पांढरा रंग खुलतो, ही त्यांच्या सासूबाईंची शिकवण. वटवाघूळ मुक्कामाला आलं तेव्हापासून मात्र सकाळी कपड्यांवर लालजांभळे डाग दिसू लागले. मावशींनी नेहमीप्रमाणे चादर सोड्याच्या टबात बुडवली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लाल डाग निळा पडला. मावशी घाबरल्या. त्यांनी ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने कोणालाही न सांगण्याचं वचन दिलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं.

“अहो, वटवाघूळ तुती खातं, त्याचे डाग असणार,” मी मावशींना म्हणालो होतो.

“मग निळे का पडले, भाऊ?”

ते मला माहीत नव्हतं. आणि माझ्या उत्तराच्या रिकाम्या जागेत, झारीतलं पाणी शिंपडून बाधा उतरवणारे झारीबाबा येऊन बसले.

तोवर लॉजच्या मॅनेजरने चादरी धुवायला देणं थांबवलं होतं. लॉजचं काम गेलं म्हणजे लाँड्री बसलीच. “मला दुसरं काही येत नाही हो,” असं म्हणून मावशी माझ्या दुकानात रडल्या होत्या. म्हणून त्या सकाळी त्या बाबांसमोर हात जोडून उभ्या होत्या. मला बाबांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त मला उत्तर येत नाही याचा.

बाबांच्या हातात पितळेची झारी होती आणि आवाज मंगल कार्यालयाला पुरेल एवढा होता.

“हा प्राणी नव्हे,” बाबा वर बोट करून म्हणाले. “हा या जागेचा जुना मालक. पाय वर करून झोपतो, म्हणून या घराचं नशीब उलटं झालंय. त्याचं रक्त अजून तहानलेलं आहे.”

रक्ताला तहान कशी लागते, हे कोणी विचारलं नाही. जुने मालक आपल्या मुलीकडे सुखात राहतात आणि गेल्याच महिन्यात माझ्याकडून वाचायचा चष्मा घेऊन गेले, हेही कोणाला आठवलं नाही.

बाबांनी झारी तिरकी केली. चादरीवरच्या लाल डागावर पाणी पडलं आणि डाग हळूहळू निळा झाला. गर्दीतून एक लांब “आऽऽ” निघाला.

“विष बाहेर आलं. आता हे झाड आजच तोडा, शेडमध्ये धुरी द्या. पुढचं मी इथेच राहून बघतो. माझ्या जेवणाखाणाचं काही विशेष नाही, दोन्ही वेळ साधं गरम असलं की झालं.”

करवत घेतलेला माणूस झाडाकडे सरकला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत जनावरांच्या डॉक्टरीणबाई आत आल्या. त्यांना फक्त आपला पांढरा कोट हवा होता.

“मावशी, कोट झाला का?”

“नका घालू तो, बाई. त्याच्यावरही पडलंय.”

डॉक्टरीणबाईंनी कोटावरचा डाग पाहिला, मग वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “अरे वा, फळं खाणारं आहे.” त्यांनी झाडाची एक पिकलेली तुती तोडली, आपल्या रुमालावर चिरडली आणि रुमाल बाबांपुढे धरला. “बाबा, जरा यावर शिंपडा.”

“तीर्थ म्हणजे खेळ नव्हे.”

“खेळ कशाला? तुतीवर काही होणार नाही आणि चादरीवर होतं, असं दिसलं की लोकांची खात्रीच पटेल.”

“शिंपडा की बाबा, एक थेंब,” लॉजचा मॅनेजर म्हणाला. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. सुटायला वाट नव्हती. थेंब पडला, आणि रुमाल निळा झाला.

“आता या तुतीचा जुना मालक कोण म्हणायचा?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. माझ्या पायरीवर कोणीतरी खुदकन हसलं.

“तो फळातही उतरलाय,” बाबा म्हणाले, पण आवाज आता एका खोलीपुरताच उरला होता.

डॉक्टरीणबाईंनी मावशींकडे लिंबू मागितलं. गंजाचे डाग काढायला मावशींकडे लिंबू असतंच. दोन थेंब पिळताच निळा रुमाल पुन्हा लाल झाला.

“तुतीचा रंग आंबटात लाल आणि सोड्यात निळा होतो. रक्त असतं तर तपकिरी पडलं असतं, निळं कधीच नाही.”

सोडा हा शब्द ऐकून मावशी पुढे झाल्या. त्यांनी झारीत बोटं बुडवून एकमेकांवर चोळली. “बुळबुळीत आहे. हा सोडाच.” मग बाबांकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, “टबात डाग निळा पडला, हे काल मीच तुम्हाला सांगितलं. माझीच भीती झारीत भरून मलाच दाखवलीत.”

गर्दी मावशींकडे बघत राहिली तेवढ्यात बाबा झारी काखेत मारून निघाले. करवतवाला त्यांच्याही आधी गेला होता.

“पण या वटवाघळाचं काय करायचं?” मॅनेजरने विचारलं.

“काही नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “राहू द्या. तुती संपली की बहुतेक आपणच जाईल. हात लावू नका, हुसकू नका, धूर करू नका. खाली पडलेलं दिसलं तर मुलांना लांब ठेवा आणि मला बोलवा. कोणाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने धुवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा, तिथे बाबा नको. आणि मावशी, दोरी झाडापासून लांब बांधा.”

मावशींनी दोरी त्याच दुपारी समोरच्या भिंतीला नेली. सासूबाईंचं दवही राहिलं आणि डागही गेले. दुसऱ्या दिवशी लॉजचं गाठोडं आलं. मॅनेजर स्वतः घेऊन आला होता आणि बराच वेळ उगाचच हवेबद्दल बोलत राहिला. मावशी मात्र इस्त्री फिरवता फिरवता मधूनच वाशाकडे बघून हसत होत्या.

मी चष्मे विकतो, अक्कल विकत नाही. ती प्रत्येकाच्या घरात असते, फक्त भीती वाटली की आपण ती दुसऱ्याच्या हातात देतो. तुमच्या परसात उद्या काही नवल दिसलं आणि त्यावर कोणी पाणी शिंपडायला आलं, तर त्याला हाकलण्याआधी आणि त्याच्या पाया पडण्याआधी एवढंच म्हणा: “थांबा, हेच पाणी आधी दुसऱ्या कशावर तरी शिंपडून दाखवा.”