ज्याचा नेता घसरला, त्याचा झाडू

या, असे जवळ सरकून बसा. भुसा झाडण्यावरून जुळलेल्या दोन जिवांची गोष्ट सांगतो.

दोघे सख्खे भाऊ, एकाच कारखान्यात सुतारकाम करणारे, पण पक्ष वेगळे. नियम असा, की ज्याच्या नेत्याची जीभ घसरली त्याने त्या दिवशी भुसा झाडायचा. गेल्या आठवड्यात दादाचा नेता भर सभेत विरोधकांनाच मत द्या म्हणाला. दादा म्हणे, "चुकून बोलला, मी झाडणार नाही." धाकटा म्हणे, "पोटातलं ओठावर आलं." तेवढ्यावरून अबोला धरला, तो आठ दिवस.

आज दादा लाकूड आणायला गेला होता. तेवढ्यात रेडिओवर धाकट्याचा नेता, पाच वर्षं खुर्चीत बसलेला, गरजला, "गेल्या पाच वर्षांत झालं ते पुन्हा होऊ देणार नाही."

दोघांचा डबा घेऊन कारखान्यात आलेली वहिनी हसून हसून बेजार झाली. "भाऊजी, ह्यांनी ऐकलेलं नाही. मी काही सांगत नाही बाई."

धाकटा विचार करू लागला. लपवलं तर मान ताठ राहत होती, पण दादा परका होत होता. देवानेच बुद्धी दिली. त्याने झाडू उचलला आणि दादा दारात दिसताच एका दमात सगळं सांगून टाकलं.

दादा आठ दिवसांनी बोलला, "अरे, चुकून बोलला असेल बिचारा."

"मग तुझाही चुकूनच बोलला, दादा."

दोघे इतके खदखदून हसले, की वहिनीला रेडिओ ऐकू येईना.

उद्या तुमच्या नेत्याची जीभ घसरली, तर मायबापहो, त्या धाकट्याची आठवण ठेवा.