भगवंतरावांची सीट

मित्रांनो, मी सायकलची जुनी चामड्याची सीट आहे. माझी सायकल मात्र केव्हाच दुसऱ्याच्या दारी गेली.

मोर्शीचे भगवंतराव गावोगाव फिरून मुलांना देवीची लस टोचत. त्यांचा उजवा पाय जन्मापासून आखूड होता. पायी निघाले की पोरं मागून लंगडत चालत. सायकलवर मात्र ते कुणाला कळत नसे.

पहिलं वर्षभर मी लाकडासारखी कडक होते. घरी आले की ते उभ्यानंच चहा घेत आणि त्यांची बायको दुर्गाबाई हसत. मग ते मला एरंडेल चोळत. हळूहळू मी त्यांच्या बसण्यासारखी झाले, एका बाजूला खोल, दुसरीकडे उंच.

सायकल जुनी झाली. अमरावतीच्या सायकलच्या दुकानात दुकानदार चंद्रभान म्हणाला, "भाऊ, आता स्प्रिंगच्या मऊ गाद्या आल्या. हे कातडं कायले ठेवता?"

"सायकल तुह्या पसंतीची दे," भगवंतराव म्हणाले, "पन सीट मले माहीच पायजे. नव्या गादीवर मी घसरतो."

असं दोनदा झालं. सायकली बदलल्या, मी राहिले.

एका वर्षी चांदूर बाजारकडच्या खेड्यांत देवीची साथ पसरली. महिनाभर ते रोज तिकडे जात. सगळी पोरं टोचून झाली आणि ते तापानं पडले. पुन्हा उठले नाहीत.

दुर्गाबाईंनी सायकल गावातल्या शाळेच्या पंजाबराव मास्तरांना विकली. मास्तर चौकापर्यंत जाऊन परत आले.

"वयनी, सायकल झकास हाये. पन या सीटवर बसनंच होत नाही. एकीकडे दबून राहिली."

"त्याईचा पाय आखूड होता ना," दुर्गाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी पाना मागितला, मला सोडवलं आणि दोन्ही हातांनी दुर्गाबाईंना दिलं.

दुर्गाबाईंनी मला कोनाड्यात ठेवलं. सणासुदीला त्या तेल लावत. त्यांचा अंगठा त्या खोलगट जागी बराच वेळ थांबे. पुढे लेक सिंधू त्यांना अकोल्याला घेऊन गेली. निघताना त्या मला उचलायला आल्या, तेवढ्यात बाहेरून टांगेवाल्यानं हाक दिली आणि मी कोनाड्यातच राहिले.

त्याला चार वर्षं झाली. माझ्या कडेला भेगा पडल्यात. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची अशी वस्तू असेल, तर तिला अधूनमधून हात लावत जा. तेल नसलं तरी चालेल.