मांडवीची बस

अण्णासोंनी सगळी नोकरी एस्टीत कंडक्टर म्हणून काढली आणि त्यातली निम्म्याहून अधिक कोल्हापूर-रत्नागिरी गाडीवर. रत्नागिरीला मुक्काम पडायचा. दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याला घरी आले की पिशवीतून सुकट निघायची, फणसाचे गरे निघायचे आणि पाठोपाठ समुद्राच्या गोष्टी. भाकरी थापता थापता शेवंताबाईंनी त्या ऐकल्या. एकदा तुला घेऊन जातो, असं ते दर वर्षी म्हणायचे. पण आधी सासू अंथरुणाला खिळली, मग प्रसेनजीतचं शिक्षण, मग घराच्या भिंती. नवऱ्याच्या गाडीत बायको एकदाही बसली नाही.

निवृत्त झाल्यावर वर्षा-दोन वर्षांत त्यांचं काहीतरी बिनसायला लागलं. चहाचा कप रिकामा करून बाजूला ठेवायचे आणि चहा का दिला नाही म्हणून रागवायचे. एकदा बाजारातून येताना आपलीच गल्ली सापडेना, तेव्हा शेजारच्या बायडाबाईनं हाताला धरून घरी आणून सोडलं. शेवंताबाईंनी हे कुणाच्या कानावर घातलं नाही. इचलकरंजीला मागावर पाळ्या करणाऱ्या लेकाला तर नाहीच. वय झालं की माणूस विसरतं, असं त्या स्वतःचीच समजूत घालत राहिल्या.

नव्व्याण्णव साली, थंडी सरता सरता, अण्णासोंनी एकाएकी काढलंच. उद्या रत्नागिरीला जायचं, समुद्र बघायचा. शेवंताबाई म्हणाल्या, प्रसेनजीतला सुट्टी मिळू दे, त्याला घेऊन जाऊ. त्यांनी ऐकलं नाही.

वाटेत माणूस असा खुलला की शेवंताबाईंना आपल्याच काळजीचं हसू आलं. मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, गाव यायच्या आधी त्याचं नाव त्यांच्या तोंडात तयार. घाटात गाडी वळली की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि ते त्यांचा हात घट्ट धरायचे. कुठल्या वळणावर कोणता ड्रायव्हर कसा हॉर्न द्यायचा, तेही त्यांना आठवत होतं.

रत्नागिरीला उतरल्यावर शहरातल्या बसेस कुठं लागतात हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. आधी थिबा पॅलेस बघितला. लाल राजवाड्याच्या ओसरीत उभं राहून त्यांनी बायकोला सांगितलं, इथं ब्रह्मदेशचा थिबा राजा राहायचा, आपल्याच धम्माचा. इंग्रजांनी इथं आणून ठेवला तो परत कधी गेलाच नाही. शेवंताबाईंनी पदर सावरून त्या बंद दारांना हात जोडले. मग झाडाखाली बसून दोघांनी चटणी-भाकरी खाल्ली. वारा सुटला होता. अण्णासो म्हणाले, हा खारा वारा, समुद्र इथंच आहे.

समुद्राकडं जाणाऱ्या मांडवीच्या बसला गर्दी होती. कॉलेजची पोरं, बाजार करून परतणाऱ्या बायका, टोपल्या. शेवंताबाईंना जागा मिळाली, अण्णासो दांडीला धरून उभे राहिले. एक-दोन थांबे गेले. मग टक, टक, टक असा आवाज आला. शेवंताबाईंनी वळून बघितलं. अण्णासोंनी खिशातून घराची किल्ली काढली होती आणि ती दांडीवर ठोकत ते पुढं सरकत होते.

"चला, तिकीट बोला. सुट्टं काढून ठेवा."

आवाज खणखणीत, पूर्वीचाच. पोरं हसायला लागली. एकानं मुद्दाम हात पुढं केला, अण्णासोंनी काखेला नसलेल्या पेटीतून काहीतरी फाडून त्याच्या तळहातावर ठेवलं. पोरगा आणखी हसला. खरा कंडक्टर मागच्या दारातून ओरडला, ओ आजोबा, काय चाललंय? शेवंताबाईंना उठायचं होतं, पण मांडीवर पिशवी आणि पायाशी कुणाचीतरी टोपली. हाक मारावी तर नवऱ्याचं नाव आजवर कधी तोंडातून काढलेलं नाही. "आवो," त्या म्हणाल्या. "आवो, हिकडं या." गाडीच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

अण्णासो एकेक बाक घेत त्यांच्यापाशी पोचले.

"बाई, कुठं जायाचं?"

शेवंताबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्या तोंडावर ओळखीचा मागमूस नव्हता. रागही नव्हता. गर्दीच्या गाडीत म्हाताऱ्या बाईशी बोलावं तसं ते मायेनं बोलत होते.

"मांडवीला," त्या म्हणाल्या.

"एकट्याच हायसा?"

"न्हाई. मालक हायती संगं."

अण्णासोंनी मान वळवून गाडीभर नजर टाकली. "मग त्यास्नी आत सरकाय सांगा. दारात उभं ऱ्हायचं न्हाई."

कंडक्टर गर्दीतून वाट काढत रागानंच आला होता. शेवंताबाईंचं तोंड बघून तो थांबला. हे एस्टीत होते का, असं त्यानं हळूच विचारलं. त्यांनी मान डोलावली. मग त्यानं हसणाऱ्या पोरांना एकाच शब्दात गप्प केलं आणि अण्णासोंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुमची ड्युटी संपली, आता मी बघतो, तुम्ही बसा. अण्णासो बसले नाहीत. वेळ झाली नाही अजून, म्हणाले.

मांडवीला गाडी रिकामी झाली. शेवंताबाई पिशवी सावरत उतरेपर्यंत अण्णासो गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले होते. गाडी वळवायची होती. पत्र्यावर थाप मारून ते "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते आणि गाडी त्यांच्याच अंगावर येत होती. शेवंताबाई तिकडं धावल्या. कंडक्टरनं शिट्टी मारली. गाडी थांबली तेव्हा अण्णासोंचा सदरा मागच्या पत्र्याला लागला होता.

त्यानंतर त्यांनी नवऱ्याचं मनगट जे धरलं ते सोडलंच नाही. समोर समुद्र होता. लाटा धक्क्यावर आपटत होत्या, माणसं फोटो काढत होती. शेवंताबाईंना दिसत होतं ते फक्त ते मनगट. दुसरीकडं बघितलं की ते सुटेल अशी धास्ती होती.

घरी कसं परतायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. गाडीची पाटी त्यांना वाचता येत नव्हती. त्या कंडक्टरनंच दोघांना पुन्हा गाडीत घालून स्टँडवर नेलं आणि कोल्हापूरच्या गाडीपाशी सोडलं. त्या गाडीवर कंडक्टर म्हणून कृष्णात होता, अण्णासोंच्या हाताखाली काम शिकलेला. त्यानं आनंदानं "जय भीम, अण्णा" म्हणत हात जोडले. अण्णासोंनी उलट हात जोडले आणि "पावणं कुठलं?" म्हणून विचारलं. कृष्णातनं शेवंताबाईंकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. त्यानं पुढचं बाक मोकळं करून दिलं.

घाटभर अण्णासो झोपले. मलकापूरला गाडी चहाला थांबली तेव्हा जागे झाले आणि त्यांनी कृष्णातला नावानं हाक मारून त्याच्या पोरांची चौकशी केली. चहाचा ग्लास हातात धरून ते बायकोला म्हणाले, "बघितलास न्हवं समुद्र?"

"बघितला की."

"बरं झालं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "शेवंता, माझं डोस्कं ठिकाणावर ऱ्हाईना झालंय. मला ठावं हाय. म्हणून आज आणलं तुला. आणखी थांबलो असतो तर वाटच घावली नसती."

प्रसेनजीतला बोलावू, कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरला दाखवू, असं काहीबाही शेवंताबाई म्हणाल्या. अण्णासोंनी होकार दिला. पण दोघांचंही तिकडं लक्ष नव्हतं.

"बसमदी मी काय केलं का गं?"

"न्हाई. काय केलं न्हाई."

कृष्णातनं बेल दिली. गाडीत चढल्यावर शेवंताबाईंनी नवऱ्याला खिडकीकडं बसवलं आणि आपण कडेला बसल्या, म्हणजे त्यांना ओलांडल्याशिवाय ते उठू शकणार नव्हते. बाहेर उसाची शेतं अंधारत चालली होती. हातकणंगलं अजून किती लांब हाय, असं अण्णासोंनी विचारलं. त्यांनी सांगितलं. थोड्या वेळानं अण्णासोंनी पुन्हा विचारलं, आणि शेवंताबाईंनी पुन्हा सांगितलं.