चार वर्षांचं माप

"कागदावर चांदणी आलीय का, बाई? नाही ना? मग करा सही."

मंडईजवळच्या त्या लॅबमध्ये दिवाळीत कॉम्प्युटर आला होता. हिंजवडीतल्या मित्राने करून दिलेल्या प्रोग्रॅमवर डॉक्टर शुभंकरची भारी भिस्त. आकडा मर्यादेबाहेर गेला की तो शेजारी चांदणी छापायचा.

सत्यशीलाबाईंनी पेनाचं टोपणही काढलं नाही. तेवीस वर्षं रक्त तपासण्यात गेली होती.

"क्रिएटिनिन एक आलंय. दोनदा लावून पाहिलं. पोर चार वर्षांची आहे, डॉक्टर."

"शून्य पॉइंट सहा ते एक पॉइंट दोन नॉर्मल. एक त्यात बसतो. गणित शिकवू का?"

"ते माप तुमच्या-माझ्यासारख्या मोठ्या माणसांचं. हे स्नायूंतून येतं. मूठभर पोरीच्या अंगावर मांस ते किती? मूत्रपिंड धड असतं तर एवढं साठलं नसतं."

"पुस्तक तुम्ही लिहिलंत वाटतं?"

"नाही. पण सकाळपर्यंत रिपोर्ट देऊ नका."

पोर बांगडीवाल्या शमशुद्दीनभाईंची, तरन्नुम. खाल्लेलं अंगी लागेना, वाढ खुंटलेली. 'नॉर्मल'चा कागद घेऊन बाप निर्धास्त घरी गेला असता, आणि दुखणं आत मुकाट वाढलं असतं.

वारज्याला घरी रात्रीच्या पानावर सत्यशीलाबाईंनी नातीचं रक्त तपासायचं काढलं, तशी सून दीपमाला म्हणाली, "आई, चांगल्या ठणठणीत पोरीला कशाला टोचायचं?"

"आजाऱ्याचं दुखणं निरोग्याशेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही गं."

सकाळी लॅबमध्ये चार वर्षांची मुक्ताई आजीपुढे हात ताणून बसली. आजीने सुई लावता लावता म्हटलं,

नातीच्या गं हाताला मुंगी चावली चावली
आजीच्या डोळ्याला आधी गंगा गं धावली

तासाभराने कागद बाहेर आला. मुक्ताई: शून्य पॉइंट तीन. शेजारी ठसठशीत चांदणी.

"घ्या," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "माझी दांडगोबा आजारी, आणि ती सुकलेली पोर ठणठणीत!"

शुभंकर हसला नाही. कपाटातलं बालरोगाचं पुस्तक काढून उभ्या उभ्या वाचत राहिला. मग तरन्नुमच्या डॉक्टरांना त्याने स्वतः फोन लावला, आणि रिपोर्टवरची छापील मर्यादा खोडून कागद बाईंपुढे सरकवला. "मुलांची मर्यादा तुम्हीच लिहा, बाई. सहीही तुमचीच."

शमशुद्दीनभाई आले. बाईंनी दोन्ही पोरींचे आकडे पुढे ठेवले, काही लपवलं नाही. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे आजच जायचंय, म्हणाल्या.

"बचेगी ना, ताई?"

"वेळेत कळलंय, भाई. आता वेळ दवडायचा नाही."

बाकावर कोपराला कापूस धरून बसलेली मुक्ताई त्यांना दिसली. कुणासाठी टोचून घेतलं, ते कळलं. ते तिच्यापुढे उकिडवे बसले. पिशवीतून हिरवी बांगडी काढली. "माझ्या बेटीच्या मापाची आहे. चारच वर्षांची ना तूही?"

बांगडी मुठीवरच अडली. त्यांनी हलकेच फिरवून पाहिली. पुढे जाईना.

क्षणभर ते तो गुबगुबीत हात धरून राहिले.

"दोन मापं मोठी आणतो," ते उठत म्हणाले. "दोघींना."